तिनं न म्हटलेलं वाक्य

‘मास्टर बाहेर बस म्हणाले होते. मीच ऐकलं नाही. जिल्ह्यासाठी गुडघा गेला तर जाऊ दे.’ हे वाक्य आमच्या तमिळ दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत एका कबड्डीपटू मुलीच्या तोंडी छापून आलं. तिनं ते म्हटलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं, ओरत्तनाडुच्या एका शाळेच्या मैदानावर, कुंपणाला टेकून, फोनवर अंगठ्यानं टाइप करून. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कचेरीत नाही, देवापुढे उभा राहिलो तेव्हाही नाही. तिथं मी बाकीचंच मागत राहिलो.

ही गोष्ट टाळेबंदीच्या आधीच्या वर्षाची. म्हणजे फार जुनी नाही, पण मला ती फार दिवसांची वाटते. दुखरा दात जसा जन्मापासूनच दुखत असावा असं वाटतं, तशी.

मी क्रीडा वार्ताहर झालो तो काही खेळाच्या ओढीनं नव्हे. तंजावरच्या राजवाड्यामागे आम्हा मराठी घरांच्या ज्या गल्ल्या आहेत, तिथली मुलं शिकून मास्तर होतात, बँकेत जातात, सरकारी कचेरीत चिकटतात. मला परीक्षा जमल्या नाहीत. मामांच्या ओळखीनं दैनिकात लागलो, तोही अर्धवट. पगार नाही, जेवढं छापून येईल तेवढ्या लांबीचे पैसे. राजकारण, पाटबंधारे, देवळं हे विषय जुन्या माणसांनी धरून ठेवले होते. खेळ कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्याकडे आला.

त्या काळी निकाल शाळांमधून चिठ्ठीवर यायचे. जुन्या बसस्टँडजवळच्या एका दुकानातून मी ते फॅक्स करायचो. क्रीडा पानाचा अर्धा भाग क्रिकेटचा आणि अर्धा आमचा: शालेय ॲथलेटिक्स, व्हॉलीबॉल, कबड्डी. संपादकीय टेबलावरचे गृहस्थ फोनवर सांगायचे, संघातल्या सगळ्यांची नावं घाल, राखीव मुलांचीसुद्धा. प्रत्येक नावामागे एक घर अंक विकत घेतं, असा त्यांचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. मग क्रिकेटचा मजकूर वृत्तसंस्थेकडून तयार यायला लागला, रंगीत फोटोंसकट, आणि आमच्या अर्ध्या पानाचं पाव पान झालं, पाव पानाचा एक रकाना. पुढे निकाल लोकांच्या फोनवर आमच्याआधी पोचू लागले. तेव्हा टेबलावरून नवीन मागणी सुरू झाली. निकाल नको, गोष्ट आण. रडणारी आई आण, फाटके बूट आण. आणि खेळाडू काय म्हणाला ते आण, कारण अवतरणचिन्हात काहीतरी असल्याशिवाय गोष्ट ही गोष्ट वाटत नाही.

आता खेळाडू काय म्हणतो? मी इतकी वर्षं ऐकलंय. खेळाडू धापा टाकतो. मान खाली घालून ‘बरं वाटलं’ म्हणतो आणि पाण्याची बाटली शोधायला निघून जातो. मला या धंद्यात ज्यांनी शिकवलं ते थोरले वार्ताहर म्हणायचे, ‘त्याला बोलता आलं असतं तर तो खेळायला कशाला आला असता? वकील झाला असता की. तो खेळतो, आपण बोलायचं.’ त्यांच्याकडे वाक्यं तयार असत. जिंकलेल्याचं वेगळं, हरलेल्याचं वेगळं, दुखापत झालेल्याचं वेगळं. आईवडील, मास्टर, जिल्हा, देव, या क्रमानं. इकडे गावोगावी प्रशिक्षकाला मास्टर म्हणतात. ती वाक्यं मी उचलली, मग माझी स्वतःची केली. कुणाची कधी तक्रार आली नाही. उलट आपण इतकं छान बोललो हे वाचून लोक खूश व्हायचे. एका वेटलिफ्टरनं तर मी त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य पुढच्या सत्कारात जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मी पहिल्या रांगेत बसून ते पुन्हा लिहून घेतलं.

धंद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जिल्ह्यातला वार्ताहर फक्त बातम्या देत नाही, तो जाहिरातीही आणतो. पोंगलची पुरवणी, दिवाळीची पुरवणी, दैनिकाचा वर्धापनदिन. ज्या माणसाबद्दल लिहायचं त्याच्याच दारात जाऊन वर्षातून तीनदा उभं राहायचं, ‘सार, यंदा पाव पान तरी द्या.’ ज्या मास्टरांची ही गोष्ट आहे त्यांची कबड्डीची अकादमी होती, मुलींचं वसतिगृह होतं, आणि ते दरवर्षी न विचारता पाव पान देत. माझ्यासाठी ते भले गृहस्थ होते. रोज संध्याकाळी निकालही तेच फोन करून सांगत. खरं तर माझा निम्मा रकाना त्यांच्यावरच चाले.

अंतिम सामना आंतरजिल्हा महिला स्पर्धेचा होता. दुपारपासून मैदानाच्या तीन बाजूंना गर्दी. ती मुलगी आमच्या संघाची चढाई करणारी खेळाडू, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिचे वडील टाउन बसवर कंडक्टर. पोलीस भरतीत खेळाडूंसाठी ज्या जागा असतात त्यांची चाचणी दोन महिन्यांवर आली होती, आणि ही मुलगी निवडली जाणार हे सगळे गृहीत धरून चालले होते. बसमध्ये तिकिटं फाडताना तिचे वडील ओळखीच्या माणसांकडून आधीच ‘पोलीसचे अप्पा’, म्हणजे पोलीसचे वडील, असं म्हणवून घेत.

मध्यंतराच्या आधी एका पकडीत तिचा उजवा गुडघा आतल्या बाजूला वळला. ती स्वतः चालत बाहेर आली, पण बाकावर बसताना तिनं दोन्ही हातांनी मांडी धरली होती. मध्यंतरात मी त्या बाकापासून इतक्या जवळ होतो की स्प्रेचा वास मला येत होता. मास्टर तिच्यासमोर उकिडवे बसले होते. पट्टी गुंडाळत ते काहीतरी हलक्या आवाजात सांगत होते. तिनं मान हलवली. नाही, अशी. त्यांनी परत सांगितलं. तिनं पुन्हा मान हलवली. मग त्यांनी गुडघ्यावर दोन चापट्या मारल्या, ‘काही नाही, काही नाही’ असं मोठ्यानं म्हणाले आणि तिला दंडाला धरून उभं केलं.

हे मी पाहिलं होतं. ते माझ्या कानावर आलं नव्हतं, माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. म्हणून पुढचं सगळं माझ्यावर येतं.

तिनं शेवटच्या मिनिटाला जी चढाई केली तिच्यात आम्ही जिंकलो. दोन गडी बाद करून ती मध्यरेषेवर पडली ती उठलीच नाही. पोरींनी तिला तशीच उचलून नाचवलं. ती किंचाळत होती, ते आनंदानं असेल असं त्यांना वाटलं. मग कुणीतरी ऑटो आणली.

आमची पानं तिरुचीला छापली जातात आणि जिल्ह्याची पानं लवकर सोडावी लागतात. मी बातमी मध्यंतरातच अर्धी लिहून ठेवली होती. शेवट भरून पाठवली आणि लगेच टेबलावरून फोन आला. गृहस्थ म्हणाले, मुलगी काय म्हणाली? ओळ मोकळी ठेवलीय, पाच मिनिटांत पान सोडायचंय. मी म्हटलं, तिला दवाखान्यात नेलं. ते म्हणाले, मग काय झालं, तुला नवीन आहे का.

नवीन नव्हतं. मी जिंकलेल्याचं वाक्य आणि दुखापत झालेल्याचं वाक्य एकत्र केलं. त्यात मास्टरांना जरा बरं दाखवायचं होतं, म्हणून ते ‘बाहेर बस’ म्हणाले असं घातलं. एका वाक्यात मुलगी शूर झाली, मास्टर काळजीवाहू झाले आणि रकाना भरला. मला त्या क्षणी ते फार चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. टेबलानं त्याचाच मथळा केला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आमच्या कचेरीत आले. कचेरी म्हणजे एका औषधाच्या दुकानावरची खोली. खाकी गणवेशातच आले होते, ड्यूटी संपवून. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘सार, इतकी वर्षं माझ्या घरात आहे, पण ही असं बोलते हे मला ठाऊक नव्हतं.’ त्यांना चांगल्या कागदावरचा अंक हवा होता. नंतर कळलं, त्यांनी ते कात्रण फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलं, लक्ष्मीच्या फोटोशेजारी.

महिना झाला असेल. ती स्वतः जिना चढून आली. एक पाऊल, कुबडी, मग दुसरं. मी खाली जाऊन तिला हात द्यायला हवा होता, पण आवाजावरून कोण येतंय ते मला कळलं आणि मी संगणकाकडे बघत बसलो. ती आमच्या भाषेतली नव्हे, तमिळ घरातली. मी तिचं बोलणं मराठीत लिहितोय. तिनं सांगितलं की गुडघ्यातले दोन लिगामेंट तुटलेत आणि डॉक्टर म्हणतात लवकर शस्त्रक्रिया करा. खेळाडूला खेळताना इजा झाली तर जिल्हा संघटना खर्च करते, असा नियम आहे. ती अर्ज घेऊन गेली. तिथल्या सचिवांनी टेबलावर आमचा अंक ठेवला. प्रशिक्षक नको म्हणत असताना तू स्वतःच्या हट्टानं उतरलीस, हे तूच म्हटलंयस, मग संघटना कशी जबाबदार?

‘अण्णा,’ ती म्हणाली, ‘मी तुमच्याशी बोलले तरी होते का?’

मी म्हटलं, ‘गर्दीत होतं सगळं.’

‘मी ऑटोत होते.’

तिनं रडणं-बिडणं केलं नाही. तिनं फक्त एवढं मागितलं की मी सचिवांना सांगावं, हे वाक्य तिचं नाही. इकडे लहान मुलीलाही प्रेमानं अम्मा म्हणतात. मी म्हटलं, ‘बघतो, अम्मा. तू जा, जिना सांभाळून उतर.’

मी टेबलावरच्या गृहस्थांना फोन केला. थेट नाही, आडून. समजा एखादं अवतरण चुकलं तर आपण दुरुस्ती छापतो का? ते हसले. म्हणाले, गुण चुकले तर छापतो, नाव चुकलं तर छापतो. चांगलं बोलल्याबद्दल दुरुस्ती मागणारं कोण निघालं? मी म्हटलं, कुणी नाही, सहज.

त्याच आठवड्यात मास्टर आले. पोंगल जवळ आला होता. बसले, कॉफी प्यायले, जाहिरातीचा मजकूर दिला. यंदा अर्धं पान. जाताना म्हणाले, ‘छान लिहिलं होतंस हं त्या दिवशी.’ एवढंच. त्यांनी मला काही विचारलं नाही की बजावलं नाही. मी त्यांना जिना उतरून रस्त्यापर्यंत सोडायला गेलो.

आणि मग ते, जे लिहायला मी इतकी पानं घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी संघटनेच्या सचिवांचा फोन आला. मी वेण्णार नदीच्या पुलाजवळ मोटरसायकल बाजूला घेतली. ते म्हणाले, ती पोरगी म्हणते की ती असं बोललीच नव्हती. तुम्ही जबाबदार माणूस आहात म्हणून विचारतो. बोलली होती ना?

मी म्हटलं, ‘हो, बोलली होती.’

वाक्य लिहिलं ती धंद्याची सवय होती, असं मी स्वतःला बराच काळ समजावलं. घाई, मोकळी ओळ, टेबलाचा फोन. पण या ‘हो’ला घाई नव्हती. पुलावरून मासे घेऊन सायकली चालल्या होत्या, ऊन कोवळं होतं, मला कुठंही पोचायचं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करायला मला भरपूर वेळ होता आणि तो मी केला. अर्धं पान गेलं असतं. रोजचा फोन बंद झाला असता. थोरल्या वार्ताहरांपासून आम्ही सगळ्यांनी जी जी वाक्यं लिहिली ती सगळी कुणीतरी उलटून बघितली असती. मग मी ‘हो’ म्हटलं आणि सचिव म्हणाले, ‘तेच म्हटलं मी.’

तिची शस्त्रक्रिया झाली, पण बरीच उशिरा, सरकारी रुग्णालयात. मध्ये टाळेबंदी आली. पोलिसांची चाचणी तिच्याशिवाय झाली. गुडघा पूर्ण वाकत नाही. ती आता नव्या बसस्टँडकडच्या रस्त्यावर एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. एकदा तिला टाउन बसमधून उतरताना पाहिलं. ती आडवी होऊन उतरते, दांडी दोन्ही हातांनी धरून. कंडक्टरनं शिट्टी मारली नाही, थांबला. कदाचित वडिलांच्या ओळखीचा असेल.

आमचं दैनिक अजून निघतं. क्रीडा पान तिरुचीत तयार होऊन येतं, त्यात तंजावर नसतं. मला फोनवर गावोगावच्या सामन्यांचे छोटे व्हिडिओ काढून संकेतस्थळासाठी पाठवायला सांगतात. किती जणांनी बघितलं ते खाली आकड्यात दिसतं. पडलेल्या खेळाडूचे व्हिडिओ जास्त बघतात. मी पाठवतो.

गेल्या वर्षाच्या शेवटी मास्टरांच्या अकादमीचा मोठा सत्कार ठरला. त्यानिमित्त त्यांनी अकादमीतल्या प्रवेशाच्या जाहिरातीचे फलक केले, आणि फलकावर एका चढाई करणाऱ्या मुलीच्या छायाकृतीखाली माझं वाक्य होतं, पहिला भाग सोडून. ‘जिल्ह्यासाठी गुडघा गेला तर जाऊ दे.’ ओरत्तनाडुच्या वाटेवर तीन ठिकाणी लागले होते. आम्ही मोटरसायकलवरून चाललो होतो, बायको मागे बसली होती. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, ‘कुठल्या गाढवानं लिहिलंय हो हे? गुडघा काय नारळ आहे?’ मी म्हटलं, ‘असेल कुणीतरी.’

त्या दिवसानंतर मी त्या चष्म्याच्या दुकानात गेलो. माझाही नंबर वाढला होता, तेवढं निमित्त होतं. तिनं मला ओळखलं. फ्रेम दाखवल्या. मी फलकाचा विषय काढला तर म्हणाली, पाहिलाय. मग मी तिला, इतक्या वर्षांनी, हळू आवाजात विचारलं की मी आता संघटनेला कळवू का. तिनं काउंटरच्या काचेवरचा हात काढला नाही.

‘संघटना काय करणार आता, अण्णा? माझं वय गेलं. ते राहू दे.’ मग म्हणाली, ‘अप्पांना सांगा.’

मला लगेच कळलं नाही. तिनं सांगितलं ते असं. वडील आधी त्या कात्रणावर खूश होते. मग चाचणी हुकली, तिची पोलिसातली नोकरी हातची गेली, आणि त्याच कात्रणाकडे बोट दाखवून ते म्हणू लागले, मास्टर बाहेर बस म्हणाले होते, तू ऐकलं नाहीस. तिनं खूप सांगितलं. ते म्हणतात, पेपरात छापलंय. भांडण असं होत नाही. ते तिच्याशी कामापुरतं बोलतात, सुनेशी बोलतात, नातवाशी बोलतात. आता निवृत्त झालेत आणि हृदयाची बरीच औषधं चालू आहेत. डॉक्टरांनी तिच्या थोरल्या भावाला बाजूला घेऊन काय ते सांगितलंय.

‘घरात माझ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतात,’ ती म्हणाली, आणि हसली. टोमणा होता, पण थकलेला. ‘ते आहेत तोवर या. मी हट्ट केला नव्हता, एवढंच त्यांना कळू दे. बाकी मला तुमच्याकडून काही नको.’

मी येतो म्हटलं. चष्मा तयार झाला, तो आणायला गेलो तेव्हा ती जेवायला गेली होती आणि मला बरं वाटलं. त्यानंतर दोनदा मी ओरत्तनाडुला कामासाठी गेलो. त्यांचं घर तिथंच आहे, कुठल्या गल्लीत ते मला माहीत आहे. एकदा गल्लीच्या तोंडाशी थांबलोही होतो. पुढच्या खोलीचं दार उघडं होतं, म्हातारा खुर्चीवर बसून पेपर वाचत होता, आमचाच. मी चहा घेतला आणि परत आलो.

पुण्याच्या एका अंकानं मला तंजावरच्या मराठी घरांबद्दल लिहायला सांगितलं होतं. आम्ही अजून कसं बोलतो, काय खातो वगैरे. मी ते लिहायला बसलो आणि हे लिहून बसलो. देवनागरी मला वडिलांनी शिकवली; आमच्या गल्लीत ती वाचणारे आता फार थोडे उरलेत, ओरत्तनाडुत कुणीच नाही. मास्टर हे वाचू शकणार नाहीत, सचिव वाचू शकणार नाहीत. तीही वाचू शकणार नाही. हे लिहायला मला ज्या भाषेत धीर झाला ती निवडण्यामागचं कारण मला न कळण्याइतका मी भोळा नाही. हे लिहिल्यानं माझ्या डोक्यावरचं काही उतरलेलं नाही.

म्हातारा अजून आहे. परवाच त्या गावच्या एका वार्ताहराकडून आडून चौकशी केली. म्हाताऱ्यासमोर बसून तमिळमध्ये सांगायचं की ती मान हलवून नाही म्हणत होती आणि ते वाक्य माझं आहे, मग तेच आमच्या दैनिकात माझ्या नावानं छापायला द्यायचं. मी तिचं एवढं देणं लागतो आणि ते अजून दिलेलं नाही.